कर्नेलच्या संदेश-नोंदीतील गुंतलेल्या अटी सोप्या करण्याची रीत

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीत इंडक्शन भट्टी थंड ठेवणाऱ्या पाण्याचे तापमान मोजण्यासाठी एक छोटा लिनक्स बोर्ड बसवलेला होता. पाणी ठरावीक मर्यादेच्या वर तापले की ड्रायव्हरने कर्नेलच्या लॉगमध्ये इशारा लिहावा आणि तो सिरियल केबलने जोडलेल्या पडद्यावर दिसावा, जेणेकरून भट्टीजवळ उभा असलेला माणूस लगेच सावध होईल, अशी ती साधी योजना होती. इशारा लॉगमध्ये लिहिला जात होता, कारण डीमेसेज आदेश दिल्यावर तो तिथे सापडत होता. पडद्यावर मात्र तो एकदाही उमटला नाही. आम्ही कन्सोलची, म्हणजे संदेश दाखवणाऱ्या त्या पडद्याची, पातळी ८ पर्यंत वाढवली, तरी फरक पडला नाही. मग पातळी न पाहता सर्व संदेश दाखवायला सांगणारा इग्नोर_लॉगलेव्हल हा पर्याय चालू केला, तरीही पडदा कोराच राहिला. दोन दिवसांनी दोष सापडला तो बोर्ड पुरवणाऱ्याने कर्नेलमध्ये स्वतः घातलेल्या एका अटीत, आणि ती अट जेमतेम दोन ओळींची होती.

त्या अटीचे काय करायचे हे ठरवताना जी पद्धत हाती लागली, आणि पुढे टिळकवाडीतल्या आमच्या रविवारच्या अभ्यासगटात जी पक्की होत गेली, ती इथे मांडत आहे. वाचकाला सी भाषा येते आणि त्याने कर्नेल एकदा तरी स्वतः बांधून पाहिले आहे, असे मी गृहीत धरले आहे. कोडमधील नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत आणि अटी मराठी शब्दांत लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष फाइल उघडल्यावर त्या ओळखायला अडचण येणार नाही.

आधी दोन निर्णय वेगळे ओळखावेत

लिनक्समध्ये प्रिंटके हे फंक्शन बोलावले की एकामागोमाग दोन स्वतंत्र निर्णय होतात. पहिला निर्णय संदेश साठवण्याचा आणि दुसरा तो कन्सोलवर दाखवण्याचा. संदेश रिंग बफरमध्ये, म्हणजे भरला की जुन्या नोंदींच्या जागी नव्या लिहिणाऱ्या साठ्यात, जातो तो जवळजवळ बिनशर्त. कन्सोलवर तो जाईल की नाही हे मात्र त्याच्या पातळीवर अवलंबून असते, आणि ही पातळी साठवताना तपासली जात नाही, तर कन्सोलकडे पाठवण्याच्या क्षणी तपासली जाते. म्हणूनच आमचा इशारा डीमेसेजमध्ये दिसत होता आणि पडद्यावर दिसत नव्हता. हे दोन निर्णय ज्याच्या डोक्यात एक झालेले असतात, तो चुकीच्या फंक्शनमधील अट सोपी करायला घेतो आणि दिवस वाया घालवतो.

संदेशाच्या पातळ्या ० ते ७ अशा आठ आहेत. ० म्हणजे यंत्रणा कोलमडली, ३ म्हणजे चूक, ४ म्हणजे इशारा, ६ म्हणजे माहिती आणि ७ म्हणजे दोषशोधनाचा तपशील. आकडा जितका लहान तितका संदेश गंभीर, आणि गोंधळाचे मूळ इथेच आहे, कारण व्यवहारात आपण मोठा आकडा मोठ्या गोष्टीला देतो. कन्सोलला एक उंबरठा असतो, त्याचे नाव कन्सोल_लॉगलेव्हल. संदेशाची पातळी या उंबरठ्यापेक्षा काटेकोरपणे लहान असेल तरच तो दिसतो. उंबरठा सहसा ७ असतो, म्हणून माहितीचे संदेश दिसतात आणि तपशिलाचे दिसत नाहीत. कर्नेल सुरू करताना क्वाएट हा शब्द दिला तर उंबरठा सहसा ४ होतो, आणि मग ४ या पातळीचा इशारासुद्धा दिसत नाही, कारण ४ हा आकडा ४ पेक्षा लहान नाही. बरोबरीच्या या टोकावर किती जण घसरतात, हे मी आमच्याच गटात अनेकदा पाहिले आहे.

मूळ कर्नेलमध्ये हा दुसरा निर्णय सप्रेस_मेसेज_प्रिंटिंग नावाच्या एका ओळीच्या फंक्शनमध्ये आहे. मराठीत ते असे वाचता येते: पातळी उंबरठ्याइतकी किंवा त्याहून जास्त असेल, आणि सर्व दाखवा असे सांगितलेले नसेल, तर संदेश दाबा. प्रश्न एक आहे, तो एका जागी आहे आणि त्याला नाव आहे. आपल्याला गुंतागुंतीची अट सोपी करून जिथे पोहोचायचे आहे ते हेच रूप.

अट मोठ्याने वाचावी

पुरवठादाराच्या कर्नेलमधील अट अशी होती:

    जर ( !( पातळी >= उंबरठा && !सर्व_दाखवा ) &&
         !( शांत && !( पातळी < ४ ) ) )
            कन्सोलवर पाठवा;

यातील शांत हा ध्वज, म्हणजे चालू-बंद सांगणारी खूण, मूळ कर्नेलचा नाही. मूळ कर्नेलमध्ये क्वाएट दिल्यावर फक्त उंबरठ्याचा आकडा बदलतो, वेगळा ध्वज मागे राहत नाही. पुरवठादाराने तो घातला त्यामागे कारण होते. सिरियल जोडणी १,१५,२०० बॉड वेगाने चालते, म्हणजे एका अक्षरामागे १० बिट धरले तर सेकंदाला ११,५२० अक्षरे जातात, आणि ८० अक्षरांची एक ओळ सुमारे ७ मिलिसेकंद घेते. वीज जाऊन आली की बोर्ड पुन्हा सुरू होई, शेकडो ओळी त्या केबलमधून जात आणि सुरू व्हायला उशीर होई. तो उशीर टाळण्यासाठी त्यांनी हा ध्वज घातला. हेतू रास्त होता, लेखन गुंतागुंतीचे होते.

अशी अट समोर आली की आधी पेन्सिल खाली ठेवावी आणि ती आपल्या भाषेत मोठ्याने वाचावी. आमच्या गटात खानापूर, निपाणी आणि सीमेपलीकडच्या चंदगडची मुले येतात आणि गोकाकचा एक कन्नडभाषक मित्रही येतो. त्या रविवारी एकाने ही अट मराठीत वाचली आणि शेवट ‘दाखव’ असा केला. गोकाकच्या मित्राने तीच अट कन्नडमध्ये वाचली आणि शेवट ‘तोरसब्याड’, म्हणजे दाखवू नको, असा केला. दोघेही हुशार आहेत आणि दोघेही त्या क्षणी आपापल्या वाचनावर ठाम होते. तेव्हापासून आम्ही नियम केला की दोघांनी दोन भाषांत वाचल्यावर निष्कर्ष वेगळे निघाले, तर त्या अटीला हात लावायलाच हवा. अट चालते की नाही हा प्रश्न वेगळा. ती दोन माणसांना सारखी कळत नसेल तर पुढचा बदल करणारा माणूस ती मोडणार, हे नक्की.

मोठ्याने वाचताना जीभ जिथे अडखळते तिथे खूण करावी. जवळजवळ नेहमी ती जागा नकाराची असते. कंसाबाहेरचा नकार आणि कंसाच्या आतला नकार एकत्र आले की ‘नसेल असे नसेल तर’ अशी वाक्ये तयार होतात, आणि तसे वाक्य मराठीत कोणी बोलत नाही.

नकार आत ढकलावा

पुढची पायरी बीजगणिताची आहे आणि ती यांत्रिक रीतीने करावी, कल्पकतेने करू नये. कंसाबाहेरचा नकार आत नेला की ‘आणि’चे ‘किंवा’ होते, ‘किंवा’चे ‘आणि’ होते आणि आतील प्रत्येक भागाचा अर्थ उलटतो; ‘>=’ उलटले की ‘<’ होते, ‘<=’ होत नाही. हा द मॉर्गनचा नियम अकरावी-बारावीत शिकलेला असतो, पण तो कोडवर वापरायचा असतो हे तेव्हा कोणी सांगत नाही.

वरच्या अटीचा पहिला कंस ‘पातळी उंबरठ्यापेक्षा लहान, किंवा सर्व दाखवा’ असा होतो. दुसरा कंस ‘शांत नाही, किंवा पातळी ४ पेक्षा लहान’ असा होतो. आता अट अशी दिसते:

    जर ( ( पातळी < उंबरठा || सर्व_दाखवा ) &&
         ( !शांत || पातळी < ४ ) )
            कन्सोलवर पाठवा;

हे लिहिताच आमचा दोन दिवसांचा प्रश्न सुटला. दुसऱ्या कंसात उंबरठ्याचा आणि सर्व_दाखवा या पर्यायाचा मागमूसही नाही. शांत ध्वज चालू असेल तर उंबरठा ८ करा, १५ करा किंवा सर्व संदेश दाखवायला सांगा, ४ आणि त्यावरील पातळीचा संदेश कधीच दिसणार नाही. आधीच्या रूपातही हेच लिहिलेले होते, पण ते चार नकारांच्या आड झाकले गेले होते.

इथे एक मोह होतो, आणि तो टाळणे हा या साऱ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे असे मला वाटते. क्वाएट दिल्यावर उंबरठा तसाही ४ होतो, मग दुसरा कंस निरर्थक आहे, तो काढून टाकू या आणि अट आणखी सोपी करू या, असे मनात येते. पण कंस काढल्याने वागणूक बदलते. ते सोपे करणे राहत नाही, तो दोषनिवारणाचा बदल होतो. दोन्ही कामे आवश्यक असू शकतात, तरी ती एकाच पॅचमध्ये, म्हणजे बदलाच्या एकाच तुकड्यात, घालू नयेत.

वागणूक बदलली की नाही हे डोळ्यांनी ठरवू नये. कर्नेलच्या बाहेर तीसेक ओळींचा साधा सी कार्यक्रम लिहावा, त्यात जुनी आणि नवी अट दोन फंक्शनांत ठेवावी आणि सर्व शक्यता फिरवून दोघांची उत्तरे ताडून पाहावीत. संदेशाच्या पातळ्या ८ आहेत आणि नोंदीत पातळीसाठी ३ बिटच राखून ठेवलेले असल्यामुळे नववी पातळी तिथे येऊच शकत नाही. उंबरठा ० ते १५ घ्यावा, कारण कर्नेल स्वतः घेते ती सर्वांत मोठी किंमत १५ आहे. दोन ध्वजांच्या चार जोड्या होतात. एकूण ८ गुणिले १६ गुणिले ४, म्हणजे ५१२ ओळी. नकार आत ढकललेले रूप मूळ रूपाशी ताडले तेव्हा ५१२ पैकी एकाही ओळीत फरक आला नाही. मग दुसरा कंस काढून ताडले, तेव्हा १०२ ओळींत फरक आला. त्यातील ६४ ओळी शांत आणि सर्व_दाखवा हे दोन्ही चालू असतानाच्या होत्या, आणि उरलेल्या ३८ ओळी शांत असताना उंबरठा संदेशाच्या पातळीच्या वर नेलेला असतानाच्या. आमचा फौंड्रीतला इशारा या १०२ ओळींपैकीच होता. इतक्या लहान खटपटीत इतके निःसंदिग्ध उत्तर मिळत असताना अंदाजावर का विसंबावे?

जे प्रश्न जागेवरून हलवू नयेत

बीजगणितात ‘अ आणि ब’ म्हणजेच ‘ब आणि अ’. सी भाषेत ते तसे नाही. डावा भाग खोटा ठरला की उजवा भाग तपासलाच जात नाही, आणि उजव्या भागात एखादे फंक्शन बोलावलेले असेल तर ते बोलावलेच जात नाही. त्या फंक्शनने नुसते पाहून उत्तर दिले असते तर क्रम बदलल्याने बिघडले नसते. पण कर्नेलच्या संदेश-नोंदीत अशी काही फंक्शने आहेत की ज्यांना प्रश्न विचारणे हेच एक काम आहे आणि त्या कामाने अवस्था बदलते. आमच्या गटात आम्ही त्यांना ‘खर्चिक प्रश्न’ म्हणतो. खर्च वेळेचा नसतो, विचारल्याने काहीतरी खर्ची पडते या अर्थाने.

पहिले उदाहरण दरमर्यादेचे. एकच संदेश हजारो वेळा येऊन लॉग भरून जाऊ नये म्हणून कर्नेलमध्ये प्रिंटके_रेटलिमिट हे फंक्शन आहे, आणि त्याची नेहमीची मर्यादा ५ सेकंदांत १० संदेशांची आहे. समजा ड्रायव्हरमध्ये असे लिहिले आहे:

    जर ( तपशील_हवा && दरमर्यादेत_आहे() )
            संदेश लिहा;

तपशील नको असेल तर दरमर्यादेचा प्रश्न विचारलाच जात नाही आणि दहाची शिल्लक अबाधित राहते. आता कोणी ‘सारख्या गोष्टी एकत्र आणू’ म्हणून क्रम उलटा केला, किंवा वाचायला सोपे पडावे म्हणून दरमर्यादेचे उत्तर फंक्शनच्या सुरुवातीलाच एका चलात घेऊन ठेवले, तर तपशील नको असतानाही प्रत्येक फेरीत शिल्लक एकेने कमी होत जाते. भर म्हणजे या फंक्शनची शिल्लक साऱ्या कर्नेलमध्ये सामाईक आहे. एका ड्रायव्हरने ती संपवली की दुसऱ्याचा खरा इशारा गिळला जातो. गंमत म्हणजे सत्यतालिका करून पाहिली तर दोन्ही रूपे तंतोतंत सारखी दिसतात, कारण तालिकेत काळ नसतो. म्हणून मी गटातल्या मुलांना सांगतो की तालिका काढण्याआधी अटीतल्या प्रत्येक फंक्शनच्या पोटात शिरून पाहावे, आणि ज्याच्या पोटात काही बदलते त्याच्याभोवती पेन्सिलीने वर्तुळ काढावे. वर्तुळातल्या प्रश्नाच्या आधी जे होते ते आधीच राहावे आणि नंतर जे होते ते नंतरच. शक्य असेल तिथे प्रिंटके_रेटलिमिटेड हा मॅक्रो वापरावा, कारण तो प्रत्येक जागेची शिल्लक स्वतंत्र ठेवतो. चेकपॅच ही तपासणीची स्क्रिप्टही तशीच सूचना करते.

दुसरे उदाहरण कुलपाचे. कन्सोल_ट्रायलॉक हे फंक्शन कन्सोलचे कुलूप मिळते का ते पाहते, आणि मिळाले तर ते घेऊनच उत्तर देते. ‘स्क्रीन जागा आहे आणि कुलूप मिळाले’ अशी अट असेल तर कुलपाचा प्रश्न शेवटी आहे हे योगायोगाने घडलेले नसते. तो आधी आणला आणि मग पहिल्या भागाच्या उत्तरावर फंक्शनमधून परत फिरलो, तर कुलूप हातात राहते, ते सोडणारे कोणी उरत नाही, आणि पुढचा जो कोणी कन्सोलवर लिहायला येईल तो अडकून पडतो.

तिसरी गोष्ट बारीक आहे. उंबरठा ही सामाईक किंमत आहे, ती दुसरा प्रोसेसर कोणत्याही क्षणी बदलू शकतो. एका गुंतलेल्या अटीचे दोन ओळींत दोन भाग केले आणि दोन्हींत उंबरठा नव्याने वाचला, तर मधल्या काळात तो बदलून पहिला भाग एका उंबरठ्यावर आणि दुसरा वेगळ्याच उंबरठ्यावर तपासला जाऊ शकतो. किंमत एकदाच स्थानिक चलात घ्यावी आणि दोन्हीकडे तेच चल वापरावे. खर्चिक प्रश्नाचे उत्तर आगाऊ घेऊ नये, असे मी वर म्हटले. सामाईक किमतीच्या बाबतीत सल्ला उलट आहे, आणि म्हणूनच आपण नुसती किंमत वाचत आहोत की अवस्था बदलणारा प्रश्न विचारत आहोत, हे आधी ठरवावे लागते.

लवकर परत फिरावे, पण दाराशी थांबून

एकात एक घातलेल्या चार अटी वाचण्यापेक्षा ‘हे असेल तर इथूनच परत’ अशा सपाट ओळी वाचणे सोपे असते. कर्नेलच्या लेखनशैलीतही आठ जागांचा टॅब आहे आणि तीनपेक्षा जास्त पायऱ्या आत जाणे हे रचना बिघडल्याचे लक्षण मानले जाते. म्हणून नकाराच्या अटी वर आणाव्यात आणि मुख्य काम डाव्या कडेला मोकळे ठेवावे.

याचा नमुना म्हणून लॉग वाचण्याच्या परवानगीचा कोड पाहावा. डीमेसेज_रिस्ट्रिक्ट चालू असेल तर प्रत्येक क्रियेला विशेष अधिकार लागतो. ते बंद असेल तर संपूर्ण बफर वाचणे आणि बफरचा आकार विचारणे या दोनच क्रिया सर्वांना खुल्या आहेत, बाकीच्यांना अधिकार लागतो. हे एका अटीत कोंबता आले असते. त्याऐवजी कर्नेलमध्ये त्याचे स्वतंत्र छोटे फंक्शन आहे, त्यात पहिल्या ओळीत ‘निर्बंध चालू असेल तर होय’ म्हणून परत फिरले आहे आणि दुसऱ्या ओळीत उरलेला प्रश्न एकटा उभा आहे. दोन ओळींत नियम पूर्ण होतो आणि तो मराठीत जसा सांगितला तसाच तिथे वाचता येतो.

पण या फंक्शनला बोलावणाऱ्या वरच्या फंक्शनमध्ये एक सापळा आहे. तिथे परवानगी मिळाली की ‘गोटू ओके’ असे लिहून शेवटच्या ओळीवर उडी मारलेली दिसते. गोटू पाहून नव्या माणसाचा हात शिवशिवतो, आणि ‘शून्य परत करा’ असे लिहून ती उडी काढावीशी वाटते. ओके या खुणेपुढे शून्य परत केलेले नाही, तिथे सुरक्षा मॉड्यूलला त्याचे मत विचारलेले आहे आणि त्याचे उत्तर परत केलेले आहे. उडी काढून शून्य परत केले तर कोड नीटनेटका दिसेल, चाचणी यंत्रावर चालेलही, आणि सुरक्षेचे एक दार कायमचे उघडे राहील. म्हणून लवकर परत फिरण्याआधी फंक्शनच्या शेवटी काय काय होते ते तळापर्यंत जाऊन वाचावे, मग ते कुलूप सोडणे असो, मोजणी कमी करणे असो किंवा अशी शेवटची विचारणा असो.

बांधणीच्या वेळच्या अटींबद्दल थोडक्यात. फंक्शनच्या मधोमध इफडेफच्या भिंती असतील तर शक्य तिथे इज_एनेबल्ड हा मॅक्रो साध्या अटीत वापरावा. त्यामुळे कंपाइलर दोन्ही बाजू तपासतो आणि नको असलेली बाजू नंतर गाळून टाकतो. मात्र त्या बाजूतील एखादे नाव पर्याय बंद असताना अस्तित्वातच नसेल तर बांधणी अडेल. तिथे इफडेफच राहू द्यावे.

एकच निर्णय अनेक ठिकाणी घेतला जात असेल तर

गुंता कधी एका अटीत नसतो, तो एकच अट सात ठिकाणी थोड्या थोड्या फरकाने लिहिली गेल्यामुळे झालेला असतो. प्रिंटकेच्या अलीकडच्या इतिहासात याचे चांगले उदाहरण आहे. २०२० च्या डिसेंबरात आलेल्या ५.१० आवृत्तीत जॉन ओग्नेस यांनी लिहिलेला कुलूपविरहित रिंग बफर आला, आणि त्यानंतर कन्सोलची बाजूही टप्प्याटप्प्याने बदलत गेली. जुन्या पद्धतीचे कन्सोल आणि एनबीकॉन नावाचे नव्या पद्धतीचे कन्सोल शेजारी शेजारी नांदू लागले. मग संदेश बाहेर काढण्याच्या प्रत्येक जागी तेच प्रश्न उभे राहिले: जुना कन्सोल जोडलेला आहे का, नवा आहे का, छपाईचा धागा चालू झाला आहे का, यंत्रणा कोलमडत आहे का?

हे प्रश्न जागोजागी विखुरलेले ठेवण्याऐवजी प्रिंटके_गेट_कन्सोल_फ्लश_टाइप नावाचे एक फंक्शन लिहिले गेले. ते परिस्थितीची साधी, तातडीची आणि कोलमडण्याची अशी तीन स्थितींत वाटणी करते, आणि कोणत्या मार्गाने संदेश बाहेर काढायचे ते चार ध्वजांच्या रूपाने सांगते. बोलावणारा फक्त ध्वज पाहतो आणि काम करतो. ‘का’ या प्रश्नाचे उत्तर एका जागी राहते आणि ‘काय’ करायचे ते बाकीच्या जागी. आपल्या ड्रायव्हरमध्ये अशी परिस्थिती आढळली तर आधी सर्व जागांच्या अटी कागदावर एकाखाली एक लिहाव्यात आणि त्यांतील फरकांना खुणा कराव्यात. प्रत्येक फरक हेतुपुरस्सर आहे की कोणीतरी एका जागी दुरुस्ती करून दुसऱ्या जागी विसरला आहे, हे कमिटच्या इतिहासात शोधल्याशिवाय त्या जागा एकत्र करू नयेत. फंक्शनचे नाव होकारार्थी ठेवावे. ‘दाखवायचे_का’ हे नाव ‘दाखवायचे_नाही_का’ यापेक्षा केव्हाही चांगले, कारण दुसऱ्या नावापुढे कोणीतरी पुन्हा नकाराचे चिन्ह लावणारच.

यंत्रावर पाहावे आणि मगच पाठवावे

कागदावरची ५१२ ओळींची ताडणी झाली तरी कर्नेल प्रत्यक्ष चालवून पाहावेच. त्यासाठी वेगळा बोर्ड लागत नाही. संगणकाची नक्कल करणारे क्यूएमू पुरेसे आहे, आणि पावसाळ्यात खानापूर भागात वीज कधी जाईल याचा भरवसा नसल्यामुळे आम्ही हे काम लॅपटॉपवरच करतो. सिरियल कन्सोल जोडून कर्नेल सुरू करावे आणि एकदा काहीही न देता, एकदा क्वाएट देऊन, एकदा इग्नोर_लॉगलेव्हल देऊन आणि एकदा दोन्ही देऊन अशा चार फेऱ्या कराव्यात. प्रत्येक फेरीत केमेसेज या उपकरण-फाइलमध्ये टोकदार कंसात ० ते ७ आकडा घालून आठ संदेश लिहावेत आणि कोणते उमटले ते टिपावे. हे आठही संदेश एकदाच उघडलेल्या फाइलमधून लिहिले तर लक्षात ठेवावे की वापरकर्त्याच्या बाजूने येणाऱ्या अशा लेखनालाही दरमर्यादा आहे आणि ती उघडलेल्या प्रत्येक फाइलमागे स्वतंत्रपणे मोजली जाते; भराभर दहाच्या वर संदेश लिहून पुढचे गायब झाले, तर दोष आपल्या अटीचा समजू नये. उंबरठ्याची चालू किंमत प्रोकमधील कर्नेलच्या प्रिंटके या फाइलमध्ये दिसते. तिथे चार आकडे असतात. पहिला चालू उंबरठा, दुसरा पातळी न दिलेल्या संदेशाला मिळणारी पातळी, तिसरा उंबरठ्याची किमान मर्यादा आणि चौथा मुळातला उंबरठा. प्रत्येक फेरीआधी पहिला आकडा वहीत लिहून ठेवावा.

आमच्या अटीसाठी आम्ही शेवटी तीन पॅच केले. पहिल्यात फक्त नकार आत ढकलले आणि वर्णनात लिहिले की ५१२ पैकी शून्य ओळींत फरक आहे. दुसऱ्यात दोन्ही कंसांना नावे देऊन छोट्या फंक्शनांत काढले; त्यातही फरक शून्य. तिसऱ्यात शांत ध्वजाचा कंस काढला, आणि वर्णनात १०२ ओळी बदलतात हे, त्या कोणत्या हे आणि त्या का बदलायला हव्यात हे सविस्तर लिहिले. सुरू होतानाचा जो उशीर टाळण्यासाठी पुरवठादाराने तो ध्वज घातला होता, त्यासाठी क्वाएटने ४ वर आलेला उंबरठाच पुरेसा होता. बोर्ड सुरू झाल्यावर पाण्याच्या तापमानाचा ड्रायव्हर चढवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये तो उंबरठा ५ करणारी एक ओळ घातली. पुरवठादाराच्या माणसाने पहिले दोन पॅच त्याच दिवशी घेतले. तिसऱ्यावर त्याने आठवडाभर प्रश्न विचारले आणि ते विचारणे योग्यच होते. वागणूक बदलणारा बदल वेगळा ठेवल्यामुळेच त्याला नेमके कुठे थांबून विचार करायचा ते कळले. तो पॅच घेतला गेल्यावर आम्ही उद्यमबागेत जाऊन पाण्याचा संवेदक गरम पाण्याच्या बादलीत बुडवला, आणि सिरियल पडद्यावर ४ या पातळीचा इशारा पहिल्यांदा उमटला.